सुनेच्या खेळाला किती वॅट लागतात?

चिखलीत बॅटरीचं दुकान चालवताना गिऱ्हाईक आत आलं की पहिला प्रश्न बॅटरीचा नसायचा. "मालक कुठी गेले?" हा असायचा. मी म्हणायची, "इथंच आहेत, बोला." मग माणूस मागच्या दाराकडे बघायचा, कुणी पुरुष बाहेर येतो का म्हणून. कुणीच येत नाही असं पाहून शेवटी तो माझ्याशी बोलायला लागायचा. दुकान माझ्या वडिलांचं. ते ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या चार्ज करून द्यायचे आणि ॲसिड उडून त्यांच्या प्रत्येक सदऱ्याला भोकं पडलेली असायची. पुढे माझ्या साड्यांनाही पडली. आता दुकान भाची बघते. मी गल्ल्याशेजारी खुर्ची टाकून बसते आणि कुणी विचारलं नाही तरी सल्ला देते.

ज्यांना यूपीएस म्हणजे काय ते ठाऊक नाही, त्यांच्यासाठी आधी तेवढं सांगून टाकते. कॉम्प्युटरच्या पायाशी एक काळा डबा असतो, त्याच्या पोटात बॅटरी. लाईट गेली की तो डबा क्षणात बॅटरीवर जातो आणि कॉम्प्युटर सुरू ठेवतो. घरच्या साध्या इन्व्हर्टरलाही हे जमतं, पण त्याला अंमळ उशीर होतो. पंख्याला त्या उशिराचं काही वाटत नाही. कॉम्प्युटर मात्र तेवढ्यात मान टाकू शकतो.

एवढं साधं काम, पण लोकांनी त्या डब्याकडून काय काय अपेक्षा केल्या म्हणता! एका गृहस्थांनी त्याच्यावर मिक्सर लावून शेंगदाण्याची चटणी वाटायला घेतली आणि दुसऱ्या दिवशी तक्रार आणली, "बाई, तुमचा डबा एका चटणीत गेला." हिवरा आश्रमाकडून एक गुरुजी आले होते. डबा रात्री टीं टीं करतो, नातू जागा होतो, म्हणून त्यांनी त्याला गोधडीत गुंडाळून ठेवलं होतं. "आता गरम काऊन होते?" असं त्यांनी मला अगदी मनापासून विचारलं.

पण ज्या गिऱ्हाइकाची आठवण आली की मला आजही एकटीला हसू फुटतं, ते म्हणजे उंद्रीच्या कांताबाई.

बाजाराचा दिवस होता. दुपारी मिरच्यांचे रिकामे क्रेट दुकानाबाहेर ठेवून एक पन्नाशी ओलांडलेली बाई आत आली. तिनं मालक कुठं म्हणून विचारलं नाही. ओट्यावर पदरात गुंडाळलेला एक छोटा यूपीएस ठेवला आणि म्हणाली, "हा डब्बा बोंबलते आन् मरते. माही सून याच्यामुळं खेळातून बाद होऊन राह्यली."

"कोणता खेळ?"

"बंदुकीचा. कॉम्प्युटरवरचा."

मला वाटलं, बाई तक्रार घेऊन आली. सून दिवसभर गेम खेळते, घरात लक्ष नाही, असं काहीतरी पुढे ऐकायला मिळणार. म्हणून मी सावधपणे विचारलं, "मग तुमचं म्हणणं काय आहे?"

"म्हणणं काय राहीन? असा डब्बा द्या का लाईट गेली तरी तिची बंदूक चालली पाह्यजे!"

मग त्यांनी सगळं सांगितलं. सून पल्लवी अमरावतीची. कॉलेजात असल्यापासून खेळायची आणि स्पर्धांमध्ये तिचं बरं नाव होतं. लग्नात तिच्यासोबत कपाट, भांडी आली तसा तिनं स्वतः शिकवण्या घेऊन जमवलेला कॉम्प्युटरही टेम्पोतून उंद्रीला आला. त्याच्या आत लाल-निळे दिवे लागतात, ते बघायला आळीतल्या बाया येऊन गेल्या. कांताबाईंना आधी वाटलं, नवी नवलाई आहे, जाईल. मग एकदा भाजी निवडत त्या तिच्या मागे बसल्या आणि बसल्याच. आता खेळातलं त्यांना सगळं कळत होतं.

पल्लवी पाच मुलींच्या एका संघात होती. अकोल्याची एक मुलगी कॅप्टन, बाकीच्या इकडच्या तिकडच्या. सगळ्या आपापल्या घरी बसून इंटरनेटवर एकत्र खेळायच्या. मुलींची राज्यभराची स्पर्धा चालू होती आणि त्यांचा संघ वर वर चालला होता. पण मागच्या फेरीत ऐन रंगात उंद्रीची लाईट गेली, पल्लवी बाहेर फेकली गेली आणि उरलेल्या चौघींनी कसाबसा सामना वाचवला. त्यानंतर संघातल्याच कुणीतरी सुचवलं, गावात लाईटचा भरवसा नाही, हिच्या जागी शहरातली मुलगी घेऊ. कॅप्टननं पल्लवीला आणखी एक संधी दिली होती.

"ते पोरगी जेवली नाही त्या दिवशी," कांताबाई म्हणाल्या. "खेळात कमी पडली असती त मी काही बोलली नसती. पण गावची हाये म्हणून काढतीन?"

मी डबा उघडला. बॅटरी चांगली होती. मी विचारलं, "लाईट गेली की लगेच बंद पडतो का?"

"नाही ना! पोरी नुसत्या तयारीत उभ्या असल्या त चालते. गोळीबार सुरू झाला का लंबी बोंब ठोकते आन् मरते."

माझं अर्धं काम तिथंच झालं. डबा बिघडलेला नव्हता, त्याच्यावर ओझं जास्त होत होतं. ऑफिसचा कॉम्प्युटर दिवसभर साधारण सारखीच वीज घेतो. गेमचा कॉम्प्युटर तसा नाही. पडद्यावर शांतता असली की तो थोडक्यात भागवतो, आणि धुमश्चक्री सुरू झाली की आतलं ग्राफिक्सचं कार्ड एकदम तिप्पट-चौपट वीज मागतं. म्हणून त्याचा यूपीएस निवडताना तो बसलेला असताना मोजून उपयोग नाही, पळताना मोजावा लागतो. मी म्हटलं, "कांताबाई, मी घरी येते. सुनेला सांगा, माझ्यासमोर खेळावं लागेल."

"हाव, खेळीन ना! तुमच्यासमोर काय, सरपंचासमोर खेळीन."

उंद्रीच्या त्या घरात मी वॅट मोजायचं मीटर घेऊन गेले तेव्हा सगळे हजर होते. कांताबाईंचा मुलगा रवी, जो स्वतःच्या टेम्पोतून भाजी बाजारात नेतो. त्याचे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणतात. आणि पल्लवी, बारीक चणीची, डोक्याला हेडफोन, हसली की एकदम शाळकरी वाटणारी.

रवीनं मोबाईलवर व्हिडिओ पाहून ठेवले होते. तो म्हणाला, "काकू, कॉम्प्युटरच्या आत साडेसहाशे वॅट लिहून हाये. म्हणजे त्याच्या दुपटीचा घेऊ, झंझटच नको."

मी म्हटलं, "तुझा टेम्पो किती माल नेऊ शकतो?"

"दीड टन."

"आणि आज किती नेला?"

त्याला हसू आलं. "चार क्विंटल."

"तसंच आहे हे. आत लिहिलंय ती ताकद आहे. खरा भार किती ते आपण बघू."

आणखी एक गोम त्याला समजावली. यूपीएसवर दोन आकडे असतात. मोठ्या अक्षरात व्हीए आणि बारीक अक्षरात वॅट. लोक मोठा आकडा बघून भुलतात. कांताबाईंच्या जुन्या डब्यावर सहाशे व्हीए होतं, पण खाली बारीक अक्षरात वॅट फक्त तीनशे साठ. कॉम्प्युटर चालणार तो वॅटवर.

मीटर लावलं. पल्लवी खेळायला बसली. सुरुवातीला आकडा सव्वाशेच्या आसपास रेंगाळत होता. मग पडद्यावर धूर झाला, पावलं वाजली, पल्लवीची बोटं धावायला लागली आणि आकडा दोनशे, तीनशे करत उसळला. आबा मीटरवर वाकले.

"हे काऊन उड्या मारून राह्यलं?"

"तिकडे मारामारी लागली ना," कांताबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "पल्लवी, माय, खिडकीतून एक येऊन राह्यला!"

"दिसला, आई."

मॉनिटर आणि इंटरनेटचा डबा धरून आकडा चारशे तीसपर्यंत जाऊन आला. जुना डबा बोंबलणारच होता. अशा वेळी थोडी जागा मोकळी ठेवून निवडायचं असतं, म्हणजे निदान साडेपाचशे-सहाशे वॅट पेलणारा यूपीएस हवा.

पण एवढ्यानं भागत नाही, आणि इथंच बहुतेक लोक फसतात. डबा किती ओझं उचलतो हा एक प्रश्न, आणि ते उचलून तो किती वेळ उभा राहतो हा दुसरा. मोठा यूपीएस घेतला म्हणजे जास्त वेळ चालेल असं नाही. वेळ असतो बॅटरीत. ज्याला फक्त काम सेव्ह करून कॉम्प्युटर नीट बंद करायचा आहे, त्याला पाच-दहा मिनिटं पुष्कळ झाली. पल्लवीचा सामना पाऊण तास चालायचा आणि उंद्रीची लाईट गेली की तेवढ्यात येईलच असं कुणी सांगू शकत नव्हतं. म्हणून मी तासाभराला पुरतील अशा दोन बॅटऱ्या बाहेरून जोडता येणारा, आठशे वॅटचा ऑनलाइन यूपीएस सुचवला.

"ऑनलाइन म्हणजे मोबाईलवरून मागवा लागते?" कांताबाईंनी विचारलं. "मंग तुमच्या दुकानाचं काय?"

त्यावर पल्लवी इतकी हसली की हेडफोन गळ्यात आला. ऑनलाइन म्हणजे तो यूपीएस कॉम्प्युटरला सतत स्वतः तयार केलेली स्वच्छ वीज देतो. बाहेर लाईट असो की नसो, मध्ये खंडच पडत नाही. खरेदीशी त्या नावाचा संबंध नाही. आबांना मात्र ते शेवटपर्यंत पटलं नाही. ते त्याला "मोबाईलवाला डब्बा" म्हणत राहिले.

यूपीएस बसवला, इंटरनेटचा डबाही त्याच्यावर घेतला आणि मी निश्चिंत झाले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कांताबाईंचा फोन.

"शोभाबाई, लाईट गेली, कॉम्प्युटर चालू राह्यला. पण पोरी पुतळ्यावानी उभ्या राह्यल्या!"

म्हणजे इंटरनेट गेलं होतं. मी पुन्हा उंद्रीला. लाईट बंद करून पाहिली तरी घरातल्या इंटरनेटच्या डब्याचा दिवा लागत होता. मग मी केबलवाल्याला बोलावलं आणि तार उलटी शोधत निघालो. पुढे केबलवाला, मागे मी, माझ्यामागे कांताबाई आणि आळीतली चार माणसं. तार गेली किराणा दुकानाच्या जिन्याखाली. तिथं एक पेटी होती, जिथून अख्ख्या आळीला नेट जायचं. लाईट गेली की ती पेटीच बंद पडायची.

"आता काय हिलेबी दोन बॅटऱ्या?" रवीनं कपाळावर हात मारला.

मी पेटीचा भार मोजला. जेमतेम एका छोट्या बल्बाएवढा. मी म्हटलं, "तो बोंबलणारा डबा कुठं आहे?"

कांताबाईंनी तो फेकला नव्हता, टीव्हीखाली ठेवला होता. गेमच्या कॉम्प्युटरपुढे मान टाकणारा तो डबा या पेटीला दीड-दोन तास आरामात सांभाळणार होता. केबलवाल्याच्या संमतीनं तो जिन्याखाली बसवला. लाईटचं बटण बंद करून पाहिलं. पल्लवीनं घरातून ओरडून सांगितलं, "चालू आहे!" आणि जिन्याखाली जमलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्या आळीत ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे, त्यांचं नेट लाईट गेल्यावरही चालतं ते तेव्हापासून.

अंतिम सामना मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी होता. कांताबाईंनी मला जेवायला बोलावलं, "तुम्ही नसल्या त मले भरवसा येणार नाही." माझ्या धंद्यात एक हुरहूर राहतेच. मी कित्येकांची लग्नाची शूटिंगं, ऑनलाइन परीक्षा, दवाखान्यातली यंत्रं चालू ठेवली. पण जोडणी झाली की पिशवी उचलून निघायचं. पुढे त्या माणसांचं काय झालं, हे बघायला कधी थांबता आलं नाही. म्हणून या वेळी दुकानाला कुलूप लावलं आणि गेले.

आमरस खाऊन सगळे खोलीत बसलो. कुलर सुरू. समोरच्या संघात पुण्या-मुंबईच्या मुली. डाव कधी यांचा, कधी त्यांचा. आणि सामना निम्म्यावर आला असताना कुलर घरघरत थांबला.

लाईट गेली. कॉम्प्युटरला कळलंसुद्धा नाही. मी सुटकेचा श्वास सोडते न सोडते तोच पाहिलं, सुनेच्या कपाळावर घाम बघून आबा कळवळले होते आणि कुलरची पिन हातात धरून यूपीएसच्या मोकळ्या खोबणीकडे निघाले होते.

"ओ, थांबा!" कांताबाई किंचाळल्या. "तिथं नका घालू!"

"अवं, पोरीले गरम होऊन राह्यलं..."

कुलरची मोटर सुरू होताना एकदम जोराचा झटका मारते. तेवढ्यानं सगळं बसलं असतं. रवी उठला आणि त्या खोबणीवर तळहात ठेवून उभाच राहिला. कांताबाईंनी मिरच्यांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि सुनेला वारा घालायला लागल्या. दोन्ही हातांनी, सामना संपेपर्यंत.

शेवटचे काही डाव उरले आणि गुण बरोबरीत आले. तेवढ्यात पडद्यावर समोरच्या संघातली एक मुलगी जागच्या जागी थिजली आणि नाहीशी झाली. पल्लवीनं आवाज स्पीकरवर घेतला. कॅप्टन सांगत होती, "पुण्याच्या रेवाची लाईट गेली."

कांताबाई म्हणाल्या, "पुण्याचीबी जाते काय बाप्पा!"

नियम असा होता की उरलेल्या चौघींशी लगेच खेळून टाकायचं, किंवा पल्लवीच्या संघानं मान्य केलं तर थोडा वेळ थांबायचं. कॅप्टननं विचारलं, "पल्लवी, तुझ्याकडे पण लाईट नाही. तुझ्या बॅटरीवर आहे सगळं. तू सांग."

पल्लवीनं माझ्याकडे बघितलं. मी यूपीएसच्या पडद्याकडे. बॅटरी निम्म्याच्या खाली उतरलेली होती. मी जे खरं होतं तेच सांगितलं, "थांबलेला कॉम्प्युटर कमी वीज खातो. थांबता येईल. पण पुढचे डाव लांबले तर मी खात्री देत नाही."

"त्या थांबल्या असत्या काय तुह्यासाठी?" रवी म्हणाला. "खेळून घे."

पुठ्ठ्याचा वारा थांबला. कांताबाई म्हणाल्या, "नसत्या थांबल्या. म्हणूनच आपण थांबा लागते. पोरी, तुले माहीत हाये ना, तशी बाहेर पडल्यावर कसं वाटते ते."

पल्लवीनं माईक तोंडाजवळ घेतला. "थांबू या."

मग आम्ही जे जे वाचवता येईल ते वाचवलं. मॉनिटरचा उजेड कमी केला. कॉम्प्युटरच्या आतले लाल-निळे दिवे बंद केले. त्यांना वीज अशी कितीशी लागते, पण त्या वेळी तेवढंही सोडवत नव्हतं. रेवा शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरवरून कशीतरी परत आली आणि खेळ सुरू झाला.

शेवटच्या डावात यूपीएस टीं टीं करायला लागला. बॅटरी संपत आली की तो अशी सूचना देतो. पल्लवीच्या चौघी मैत्रिणी बाद झालेल्या, समोर दोघी शिल्लक. आबांनी डोळे मिटून घेतले. मी यूपीएसकडे बघत होते, पडद्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती. आकडा चारशेच्या वर चढला. गोळीचा एक आवाज झाला. मग थोड्या वेळानं दुसरा. आणि कांताबाईंनी अशी आरोळी ठोकली की शेजारचा माणूस काठी घेऊन धावत आला, साप निघाला समजून.

जिंकली! पल्लवी उठून सासूच्या गळ्यात पडली. दोघी घामानं चिंब. मी मात्र ओरडत होते, "आधी कॉम्प्युटर बंद कर, नीट बंद कर!" धंद्याची सवय, दुसरं काय.

बंद करण्याआधी स्पीकरवर रेवाचा आवाज आला. "थँक यू, थांबल्याबद्दल. तुझ्याकडे बरं आहे, लाईट जात नाही वाटतं?"

पल्लवीनं खिडकीबाहेर बघितलं. "आत्ताही नाहीये," ती म्हणाली.

तेवढ्यात कांताबाईंनी माईक ओढला आणि खणखणीत आवाजात माझा फोन नंबर सांगून टाकला.

मला वाटलं, गंमत झाली, संपली. पण दुसऱ्याच दिवशी दुकानात फोन वाजला. रेवा होती. तिला यूपीएस हवा होता आणि पुण्यातल्या दुकानदारानं तिला दोन-तीन आकडे सांगून गोंधळात टाकलं होतं. मी म्हटलं, "बेटा, मी काही इथून बॅटऱ्या पाठवत नाही, तिथंच घे. पण आधी मोजून घे. तुझ्याकडे वॅटचं मीटर आहे?"

तिनं ते सकाळीच आणलं होतं. "लावलंय काकू. एकशे वीस दाखवतंय."

"ते बसल्या जागेचं झालं. आता खेळ, आणि सगळ्यात जास्त किती होतं ते सांग."

"आत्ता? फोन चालू ठेवून?"

"हो. मी थांबते."

फोनमधून धडाधड गोळ्यांचे आवाज यायला लागले. समोर एक शेतकरी ट्रॅक्टरची बॅटरी खांद्यावरून उतरवून उभा होता. तो घाबरून म्हणाला, "बाई, हे काय चाललं?"

मी त्याला हातानंच खुर्ची दाखवली. "पुण्याचं गिऱ्हाईक आहे," मी म्हटलं, आणि पेन उघडून आकड्याची वाट बघत बसले.